रोमच्या राजाला वाक्य देताना

धुळ्याच्या पत्र्याच्या थिएटरात ज्यांनी आमच्या मंडळीचं रोमन नाटक पाहिलं, त्यांनी मला पाहिलेलं नाही. ऐकलं मात्र आहे, तेही एकदाच, आणि त्या एका वेळेबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नाटक कंपनीतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती आहेत, त्याही सांगतो. पण मनावर जे ओझं आहे ते या निमित्ताने उतरवून टाकावं, असा माझा खरा डाव आहे.

मी प्रॉम्प्टर होतो. सव्वीस वर्षं विंगेतल्या स्टुलावर बसलो. आताच्या बोलपटात नट चुकला तर पुन्हा पहिल्यापासून घेतात म्हणे. आमच्याकडे ती सोय नव्हती. नट चुकला तर समोरच्या हजार माणसांना ते तिथल्या तिथे कळायचं, आणि खानदेशातली माणसं कळल्याचं मनात ठेवून घेणारी नव्हेत. म्हणून विंगेत मी. हातात वही, गळ्याला मफलर, पायात काही नाही, कारण चपलेचा आवाज होतो.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे वही वाचणारा. वही कुणीही वाचेल. वाक्य कधी द्यायचं नाही हे कळायला मला चार वर्षं लागली. नट गप्प झाला म्हणजे तो विसरलाच असं नसतं. पुष्कळदा तो त्या गप्प राहण्याचीच मजा घेत असतो, आणि तेवढ्यात तुम्ही वाक्य टाकलंत तर नंतर रंगपटात तुमची सालं निघतात. मग ओळखायचं कसं? मी पायांकडे बघायचो. नट मुद्दाम थांबला असेल तर तो चवड्यांवर असतो. विसरला की टाचा टेकतात. चेहऱ्याने माणूस खोटं बोलू शकतो, टाचांना तेवढी अक्कल नसते. शिवाय प्रत्येकाची एकेक खूण ठरलेली असे. कुणी अंगठी फिरवी, कुणी खाकरे. आमचे मालक नाना दंडावरच्या बाजूबंदाला हात लावत.

द्यायचे फक्त पहिले दोन शब्द, आणि तेही घशातून नाही, दातांतून. च, ट, प ही अक्षरं नटापर्यंत नीट पोचतात. म आणि न वाटेत हरवतात. खेळाच्या दिवशी मी ठेचा खात नसे, कारण खोकला आला की कारभार आटोपला. आमचा आचारी मला चिडवायचा, "वामनभाऊ, जळगावात जन्मले आन् मिरचीला भिता?" मी मेहरूणचा. तेव्हा ते गाव वेगळं होतं आणि तलावाच्या काठी गुरं धुवायला आणत. मिरचीला भिणारा तिथे मीच एकटा निघालो असेन.

सावद्याचा एक किस्सा सांगतो. तिथे एक केळीवाले शेतकरी खेळाला आले. वय झालेलं, कान जरा जड. पुढच्या बाकावरून ऐकू येईना म्हणून नानांनी त्यांना माझ्याजवळ विंगेत खुर्ची दिली. पहिला अंक त्यांनी माझ्याकडे कान लावून ऐकला. दुसऱ्या अंकात त्यांनी खुर्ची उचलून फिरवली आणि रंगभूमीकडे चक्क पाठ करून बसले. मी खुणेने विचारलं, हे काय? तर म्हणाले, "भाऊ, तू जे आंधी सांगतो तेच ते मांगून बोलता. मंग म्या त्याहीचं काबरं आयकू?" खेळ संपल्यावर त्यांनी मला केळीचा एक आख्खा घड पाठवला. ज्यांना सगळं गाव नावाजत होतं त्या नटांना काही नाही आणि मला घड. ते चार दिवस मी कंपनीत फार मिजाशीत होतो.

आता हा धंदा मी का धरला ते सांगायला हवं. मी लहानपणापासून अडखळत बोलतो. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथे ठाण मांडून बसतो. पण कुजबुजताना अडखळत नाही. का, ते वैद्यांनाही सांगता आलं नाही. नाटकाचं वेड तर होतंच. नाना जळगावला आले असताना मी त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन उभा राहिलो आणि "म-म-मला नट व्हायचंय" एवढं म्हणायला इतका वेळ घेतला की बाकीची मंडळी तोंडाला पंचे लावून हसू लागली. नाना हसले नाहीत. म्हणाले, "इकडे ये. माझ्या कानात सांग." मी कानात सांगितलं. एकही अक्षर अडखळलं नाही. नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नट कशाला होतोस? असा आवाज मी दहा वर्षं शोधतोय."

त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस. मोठ्याने बोलायची वेळ माझ्यावर येऊ नये हे नानांनी कायम पाहिलं. गावात काही विचारायचं, सांगायचं असलं तर दुसऱ्याला पाठवत. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

पहिलं महायुद्ध संपून पाचसहा वर्षं झाली असतील. धुळ्याचे एक वकीलसाहेब नाटक घेऊन आले. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि त्यावरून त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन शोकांतिका मराठीत आणली होती. नाव-गाव सगळं रोमन ठेवायचं असा त्यांचा हट्ट. ती नावं उच्चारताना आमच्या नटांच्या जिभांना अशा गाठी पडायच्या की तालमीत आम्ही नुसतं राजा, सेनापती, गुरुजी असंच म्हणू लागलो. कपडेही रोमनच हवेत. जळगावच्या शिंप्याने पांढऱ्या मांजरपाटाची वस्त्रं शिवली. ती खांद्यावर टाकून सगळा दरबार उभा राहिला तेव्हा आचारी म्हणाला, "बठ्ठा आंघोळ करीसन आलात का?" बठ्ठा म्हणजे सगळे. खेळाच्या परवानगीसाठी वही सरकारी कचेरीत दाखवावी लागे. तिथल्या कारकुनांनी पानं चाळून विचारलं, "यात राजाविरुद्ध काही आहे का?" वकीलसाहेब म्हणाले, "आहे. पण तो राजा मरून दोन हजार वर्षं झाली." कारकुनांनी जरा विचार करून शिक्का मारला.

नाटक मात्र पक्कं होतं. गोष्ट सांगतो. राजाचा धाकटा भाऊ लढाई जिंकून परत येतो, लोक त्याला डोक्यावर घेतात. सेनापतीला स्वतःलाच गादी हवी आहे. तो राजाच्या कानाशी लागतो की भाऊ उठणार आहे, त्याला आधीच संपवा. म्हातारे गुरुजी उलट सांगतात की सत्ता हातात आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. राजा मधोमध. दुसऱ्या अंकाच्या शेवटी सेनापती मृत्यूची आज्ञा लिहून आणतो. राजा थांबतो, मग म्हणतो, "आण ती आज्ञा. सिंहासनाला भाऊ नसतो," आणि तिथून त्याचं चाळीस ओळींचं भाषण. भावाबरोबर खेळलेले खेळ आठवत आठवत तो शिक्का उचलतो. पुढे सगळ्यांचाच नाश. राजा नाना करत. सेनापती करत असे भास्कर.

भास्कर तिशीचा, देखणा, पल्लेदार आवाजाचा. चांगला नट होता, हे मला आजही कबूल आहे. पंधरा वर्षं कंपनीत राबून तो दुसरा होता आणि नाना असेपर्यंत दुसराच राहणार होता.

आणि नाना विसरू लागले होते. ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. आधी अंकात एकदा बाजूबंदाला हात जाई, मग पाचदा, मग दर पानाला. साठी उलटली होती. मी त्यांची वाक्यं त्यांच्या श्वासाश्वासात अशी सरकवत होतो की प्रेक्षकांना पत्ता लागत नव्हता, उलट नाना हल्ली फार सावकाश आणि भारदस्त बोलतात असं कौतुक व्हायचं. आम्ही दोघं यावर कधी एक शब्द बोललो नाही. पण त्या चाळीस ओळींच्या आधी त्यांची टाच टेकायची आणि मी पहिले दोन शब्द दातांत तयार धरायचो. पहिले दोन शब्द मिळाले की भाषण सुरळीत जाई. ते मिळाले नाहीत तर काही खरं नव्हतं.

बाहेर कुणाला कळलं नाही तरी शेजारी उभं राहणाऱ्याला कळतंच. धुळ्याच्या मुक्कामात एका सकाळी भास्कर पांझरेवर माझ्याबरोबर कपडे धुवायला आला. हा कधी स्वतःचे कपडे धूत नसे, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"वामनभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही तीन वर्षं नानांना खांद्यावर घेऊन चाललाय. मी बघतो सगळं."

मी धोतर आपटत राहिलो.

"उद्या तुमचा घसा बसला तर? मुंबईच्या थिएटरात, वर्तमानपत्रवाल्यांसमोर नाना असे उभे राहिले तर? जन्माचं हसं होईल. त्यापेक्षा इथे, आपल्या माणसांत एकदा अडले तर? रविवारच्या दुपारच्या खेळाला. गावाकडची माणसं असतात, चार दिवसांत विसरतील. नाना समजतील आणि मानाने बाजूला होतील."

"म-म-म्हणजे?"

"म्हणजे काही करायचं नाही. त्या भाषणाआधी फक्त गप्प बसायचं." मग हळूच म्हणाला, "मला काही नको हो. नानांच्या डोक्यावरचा भार उतरला पाहिजे, एवढंच."

माझं मन द्रवत चाललं होतं, तेवढ्यात त्याने शेवटचं काढलं. "आणि खरं सांगू? सगळ्या कंपनीची तालीम तुम्ही एकेकाच्या कानाशी बसून घेता. कुठला नट कुठे श्वास घेतो ते तुम्हालाच ठाऊक. पण हँडबिलावर दिवाबत्तीवाल्याचंसुद्धा नाव येतं, तुमचं येत नाही. मी मालक झालो तर वर छापीन, 'तालीम मास्तर वामनराव'."

वाचकहो, माझ्या आईला अक्षर येत नव्हतं; मेहरूणला कुणी पोथी वाचून दाखवू लागलं की ती लिहिलेला कागद हाताने चाचपून बघायची. छापलेल्या नावाचं मला काय वाटत असेल ते समजून घ्या. मी मान हलवली. हो म्हणालो.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट माझ्या नंतर लक्षात आली. "मला सत्ता नको, महाराज, तुमच्या डोक्यावरचा भार उतरवायचा आहे," हे सेनापतीचं दुसऱ्या अंकातलं वाक्य. ते मी आठवड्यातून तीनदा वहीत बोट ठेवून वाचत होतो. राजा त्या वाक्याला कसा भुलतो याची मनातल्या मनात कीव करत होतो. आणि नदीकाठी तेच वाक्य मला ऐकवलं तर ओळखूसुद्धा आलं नाही.

रविवारी दुपारचा खेळ ठेवण्याचं कारण असं की बैलगाड्यांनी आलेल्या लोकांना उजेड असेतोवर घरी पोचता यावं. पत्र्याखाली उकाडा असा की मांजरपाटाची रोमन वस्त्रं अंगाला चिकटलेली. एका बाजूला बायकांची जागा होती, ती गच्च भरलेली. पुढच्या रांगेत वकीलसाहेब मित्रांना घेऊन बसले होते. पहिला अंक मी नेहमीसारखाच चालवला. नानांनी बाजूबंदाला नऊ वेळा हात लावला आणि नऊही वेळा मी वाक्य दिलं. दर वेळी वाटे, आता सांगून टाकावं की पुढे मी गप्प बसणार आहे. अंकांच्या मधल्या वेळात नाना माझ्याजवळ पाणी प्यायला आले. "आज घसा बरा आहे ना रे तुझा? ऊन फार आहे," म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी अर्धा तांब्या माझ्यासाठी ठेवला.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. सेनापतीने आज्ञेची गुंडाळी पुढे केली. राजा थांबला. इथे तीन श्वास थांबायचं असं ठरलेलंच होतं. एक, दोन, तीन. नानांचा हात बाजूबंदाकडे गेला.

मी गप्प बसलो.

चौथ्या श्वासाला पिटात कुणीतरी खोकलं. नानांनी पुन्हा बाजूबंद धरला, आता चांगला घट्ट. भास्कर माझ्याकडे तोंड करून उभा होता. त्याने डोळ्यांनीच मला, नाही, असं सांगितलं. नानांच्या टाचा टेकल्या. कुठूनतरी शीळ आली. मग बायकांच्या बाजूने एका म्हाताऱ्या अक्कांचा ठणठणीत आवाज आला, "बोल ना रे भो! मुका व्हयना का?"

आणि हशा पिकला.

नानांनी विंगेकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर कदाचित मी तसाच बसून राहिलो असतो. राग नव्हता. गर्दीत आपलं माणूस कुठे दिसतंय का बघावं, तसं ते बघत होते. काय करतो आहेस वामन, असं मी मनात म्हणालो, आणि वाक्य दिलं. पण आता हशा एवढा होता की माझी कुजबुज दोन हातांवरही पोचेना. पुन्हा दिलं. नानांना ऐकू गेलं नाही. ते अजून बघतच होते.

उरला एकच मार्ग. जन्मात मी चार माणसांपुढे मोठ्याने बोललो नव्हतो. स्टुलावरून उठलो, छाती भरून घेतली आणि ओरडलो,

"आ... आ... आ... आण ती आज्ञा!"

थिएटर एकदम चिडीचूप झालं. पत्रा उन्हाने कडकडला तेवढाच आवाज. माझे कान तापले. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांत जाणं म्हणजे आचाऱ्याने ताटात चपला वाढण्यासारखं. आणि गेला तोही असा, तीनदा अडखळून.

मग त्याच अक्का उठून उभ्या राहिल्या. "अरे राजा, परदाना मांगे हाऊ कोन बोली ऱ्हायना रे? बठ्ठं तोच सांगी ऱ्हायना!"

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. नाना संपले, आणि मीच त्यांना चव्हाट्यावर आणलं.

नाना शिरपूरकडचे. त्यांची घरची बोली अहिराणी. पण रंगभूमीवर त्यांच्या तोंडून कधी चुकूनही गावचा शब्द आला नव्हता. ते हळूहळू वळले, राजाच्याच रुबाबात दोन पावलं पुढे आले आणि अक्कांना म्हणाले, "अक्का, राज बठ्ठं तोच चालाडस. मी नुसता मुकुट घालीसन हुभा शे."

पत्रे उडतात की काय असा हशा. पण हा हशा वेगळा होता. मघाशी लोक नानांना हसले होते, आता नानांबरोबर हसत होते. पिटातली माणसं मांड्यांवर थापा मारत होती. फक्त वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं.

नानांनी ते हसू ओसरू दिलं. घाई केली नाही. मग सेनापतीकडे वळले, चवड्यांवर आले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आण ती आज्ञा. सिंहासनाला भाऊ नसतो." पुढच्या चाळीस ओळी. मी वहीवर बोट ठेवून बसलो होतो, एकदाही तोंड उघडावं लागलं नाही. लपवायचं काही उरलं नाही म्हणून की काय, कोण जाणे, पण ते भाषण याआधी असं मोकळं कधी झालं नव्हतं. शिक्का उचलला तेव्हा त्याच अक्का रडत होत्या. "नको रे भो, भाऊले मारू नको," म्हणत होत्या. पडदा पडला आणि मी विंगेतच खाली बसलो. अंगातून ताप उतरल्यासारखं वाटत होतं.

खेळ संपल्यावर वकीलसाहेब तणतणत आत आले. "रोमचा सम्राट अहिराणी बोलतो? दोन हजार वर्षांत या नाटकाचे असे धिंडवडे कुणी काढले नव्हते!"

नाना म्हणाले, "दोन हजार वर्षांत ते धुळ्याला लागलंही नव्हतं, वकीलसाहेब." वकीलसाहेबांना राग धरून ठेवता येईना. जाताना त्यांनी विचारलंच की पुढच्या रविवारी त्या अक्का पुन्हा येतील का.

सगळे पांगल्यावर मी रंगपटात गेलो. नाना खोबरेल तेलाने रंग काढत बसले होते. सांगायला सुरुवात केली, पण शब्द निघेना. "कानात सांग," नाना म्हणाले. मग मी वाकून त्यांच्या कानात सगळं सांगितलं. पांझरेचा काठ, भास्कर, हँडबिल, आणि हो म्हणालो ते. काही लपवलं नाही. ते ऐकता ऐकता गाल पुसत राहिले.

"भास्करला बोलाव," एवढंच म्हणाले.

भास्कर आला तो पांढराफटक पडून. त्याने काही बोलायच्या आत नानांनी आरशापुढचा मुकुट उचलला आणि त्याच्या हातात दिला. "पुढच्या खेळापासून राजा तू. मी गुरुजी करीन, त्याला बोलणं कमी आहे. कंपनीचं कामही हळूहळू हातात घे." भास्कर तो मुकुट धरून तसाच उभा राहिला. त्याला खाली ठेवता येईना आणि घालताही येईना. शेवटी नानांच्या पायांवर डोकं ठेवून रडला आणि निघून गेला. पुढे त्याने कंपनी चांगली सांभाळली आणि माझं नाव हँडबिलावर छापलंसुद्धा. ते हँडबिल मी पेटीत तळाशी ठेवलं आहे. कुणाला दाखवत नाही.

आम्ही दोघंच उरलो. मला राहवेना. मी पुन्हा वाकलो आणि त्यांच्या कानात विचारलं, "नाना, तुम्ही चिडला का नाही? मला हाकलून द्यायला हवं होतं."

नानांनी आरशात बघत गालावरचा उरलेला रंग पुसला. मग म्हणाले, "ही कंपनी माझी नव्हती, वामन. आमचे जुने मालक होते, म्हातारे. माझ्यावर त्यांचा फार जीव. तेही विसरायला लागले होते. एका खेळाला ते अडले, विंगेकडे बघत राहिले, लोक हसले, आणि मी पुढे होऊन त्यांचं वाक्य बोललो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी ते गावी निघून गेले. लोक म्हणाले, काय वेळेवर सावरलं पोराने."

त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"प्रॉम्प्टरला आदल्या दिवशी मीच भेटलो होतो. तो शेवटपर्यंत गप्प राहिला."

मी ते फडकं उचलून त्याची घडी घालू लागलो.

"तीस वर्षं झाली," नाना म्हणाले. "रोज विंगेकडे बघत उभा राहतो. म्हटलं, कधीतरी माझ्यावरही हीच वेळ येणार, आणि तिथला माणूस गप्प बसणार. आज आली ती वेळ. आणि तू बोललास."

ते उठले, पाठ ताणून मोठा श्वास सोडला, आणि दारातून आचाऱ्याला हाक मारली, "अरे, पानं घे आमची दोघांची. लई भूक लागनी आज."